माळरान म्हणजे पडीक जमीन? सोलापूरच्या गवताचं 'वजन' समजून घ्या

सोलापूर शहरापासून साधारण २० किलोमीटरवर नान्नजचं माळरान आहे. उन्हाळ्यात गेलात तर सगळीकडे पिवळं, वाळलेलं गवत दिसतं. 'इथे झाडं लावायला हवीत,' असं कुणालाही वाटेल. पण नेमकी तिथेच गडबड होते.

गवताचं कुळ किती मोठं?

या कुळाला शास्त्रीय भाषेत 'पोएसी' म्हणतात. जगभरात त्याच्या सुमारे १२ हजार प्रजाती आहेत. गहू, भात, बाजरी आणि बांबूही यातलेच. मंगळवेढ्याची ज्वारी, ऊस आणि माळावरचे मारवेल, पवना, कुसळी हे तर या कुळाच्या एकाच उपगटातले. म्हणजे ताटातली भाकरी आणि माळावरचं गवत हे जवळचे नातेवाईक आहेत.

१९७३ साली दबडघाव आणि शंकरनारायण या अभ्यासकांनी भारतातल्या गवताळ प्रदेशांचे ५ मुख्य प्रकार सांगितले. दख्खनचं पठार त्यातल्या पवना-मारवेल प्रकारात येतं.

बायोमास कसा मोजतात?

बायोमास म्हणजे सजीवांचं एकूण वस्तुमान. गवतासाठी पद्धत सोपी आहे. पावसाळा संपत आला की माळावर ठिकठिकाणी १ मीटर बाय १ मीटरची चौकट ठेवतात. आतलं गवत जमिनीलगत कापून प्रजातीनुसार वेगळं करतात, ओव्हनमध्ये वाळवतात आणि वजन करतात. त्यावरून दोन गोष्टी कळतात: किती प्रकारचं गवत आहे आणि कुणाचा वाटा किती.

हा वाटा महत्त्वाचा असतो. चराई प्रमाणाबाहेर गेली की गुरांना आवडणारे मारवेल आणि पवना कमी होतात, कुसळी वाढते. लांबून माळ तेवढाच भरलेला दिसतो, पण चाऱ्याचा कस उतरलेला असतो.

मग 'पडीक' का म्हणतात?

कारण डोळ्यांना फक्त वरचा भाग दिसतो. झाडाचं वजन खोडात असतं, तर बहुवर्षायू गवताच्या वजनाचा मोठा हिस्सा जमिनीखाली, मुळांत असतो. वरचं गवत वाळलं, चरलं किंवा जळलं तरी मुळं टिकतात, माती धरून ठेवतात आणि पहिल्या पावसात पुन्हा कोंब फुटतात. पण सरकारी नोंदींत असे अनेक माळ 'पडीक' गणले गेले आणि काही ठिकाणी गिरिपुष्पासारखी झाडं लावली गेली.

नुकसान कुणाचं?

माळढोक पक्षी जमिनीवर अंडी घालतो. त्याला मोकळा, लांबवर दिसणारा माळ लागतो. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर-अहमदनगर (आता अहिल्यानगर) भागात ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. आज देशात दीडशेच्या आसपासच माळढोक उरलेत आणि नान्नजला त्याचं दर्शन दुर्मीळ झालंय. काळवीट, लांडगे आणि मेंढपाळांचे कळपही याच गवतावर अवलंबून आहेत.

म्हणून पावसाळ्यात वृक्षारोपणाची मोहीम निघाली की आधी एक प्रश्न विचारायला हवा: इथे झाडं नव्हतीच, की तोडली गेली? नव्हतीच असतील, तर त्या माळाला गवतच राहू देणं हेच संवर्धन.