गाण्याचे पहिले अक्षर कोणते?

आजचा विषय ऐकून काहींना वाटले असेल की तत्त्वज्ञानाचा म्हातारा मास्तर आता भेंड्या खेळायला बसला. तसे म्हणा हवे तर. पण गाण्याचे पहिले अक्षर कोणते, हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. त्यात आमची एकदा चूक झाली, आणि ती कळायला पाव शतक गेले. म्हणून हा इतिहास.

आधी आपली रीत पाहू. आपल्याकडे गाण्याला सहसा वेगळे नाव नसते. अभंग असो, लावणी असो की सिनेमाचे गाणे, पहिली ओळ हेच त्याचे नाव. ही रीत फार जुनी. ऋग्वेदाची कात्यायनाची ‘सर्वानुक्रमणी’ आहे ना, तिच्यात प्रत्येक सूक्त आरंभीच्या शब्दांवरून ओळखले जाते. त्या शब्दांना ‘प्रतीक’ म्हणतात. ऋषी, देवता, छंद हे सगळे त्याच्यापुढे. तुकारामांच्या गाथेत अभंग शोधायचा तर आपण पहिल्या चरणाची अकारादी सूची उघडतो. भेंड्यांतही तेच. ‘ळ’ आला तर ‘ल’ घ्या, ‘ण’ आला तर ‘न’ घ्या, पण सुरुवात मुखड्यानेच. म्हणजे गाणे ऐकले की त्याचे पहिले अक्षर कळलेच, हे आपल्या मनात पक्के बसलेले.

आता पश्चिमेकडचे गाणे इथे कुडव्यात आले कुठून? रेडिओ सिलोनवरून. दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी कोलंबोला रेडिओ केंद्र चालवले होते. युद्धानंतर ते जबरदस्त प्रक्षेपक सिलोन सरकारकडे आले. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मान मिळाला आणि सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झाले. लोकांनी सुई कोलंबोकडे फिरवली. त्याच वर्षी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. १९५७ साली विविध भारती आली, तरी सुई पूर्ण परत फिरली नाही. आणि सुई तिथे असली की हिंदीच्या आगेमागे इंग्रजी गाणीही कानावर पडायची.

कुडवा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. आमच्या घरामागे धानाच्या बांध्या, आणि थोड्या अंतरावर गोंदिया जंक्शन, हावड्याची मोठी लाईन आणि जबलपूरची छोटी लाईन. आमचा एक मित्र रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचा. त्याच्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. १९६७ ते १९७१ या काळात आम्ही दोघांनी एका वहीत इंग्रजी गाण्यांची नावे टिपली. निवेदक नाव सांगणार आणि आम्ही ते ज्या अक्षराने सुरू होते त्या पानावर लिहिणार. स्पेलिंग कोणाला येत होते? म्हणून सगळे देवनागरीत.

तिथे गंमत सुरू झाली. ‘के सरा सरा’, ‘किंग क्रिओल’ आणि ‘काँग्रॅच्युलेशन्स’ ही तीन गाणी रोमन सूचीत क्यू, के आणि सी अशा तीन अक्षरांखाली जातील. आमच्याकडे तिघेही ‘क’ च्या पानावर शेजारी. उलट, सी हे एकच अक्षर आमच्या वहीत फुटले. ‘सिसिलिया’ गेले ‘स’ मध्ये, ‘चेरिश’ गेले ‘च’ मध्ये, ‘शँटिली लेस’ गेले ‘श’ मध्ये. ‘नॉक थ्री टाइम्स’ मधला मुका के आम्हाला माहीतच नव्हता, ते सरळ ‘न’ मध्ये. आणि ‘द’ चे पान तर महिन्याभरात भरले. ‘द यंग वन्स’, ‘द लास्ट वॉल्ट्झ’, ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’. ग्रंथपाल हा ‘द’ मोजत नाहीत, हे पुढे कॉलेजात कळले.

ही नुसती अडाण्यांची गडबड नव्हती. देवनागरीची वर्णमाला उच्चाराच्या स्थानावर लावलेली आहे, कंठापासून ओठापर्यंत. रोमन वर्णमालेच्या क्रमाला असा ध्वनीचा आधार नाही, ती परंपरेने चालत आलेली. आमची वही कानाने लावलेली होती, त्यांची सूची डोळ्याने.

पण खरी अडचण वेगळीच होती. पश्चिमेत गाणे आधी छापील कागदावर विकले गेले, मग तबकडीवर. मुखपृष्ठावर आणि लेबलवर नाव लागतेच. ते नाव गाण्यात यायलाच हवे असे नाही. बीटल्सच्या १९६७ च्या ‘अ डे इन द लाइफ’ मध्ये हे शब्द कुठेही येत नाहीत. म्हणजे गाणे पूर्ण ऐकूनही त्याचे पहिले अक्षर कळत नाही! आपल्या रीतीत हे बसतच नाही.

इथेच आम्ही फसलो. शॉर्टवेव्हचा आवाज लाटेसारखा यायचा, जायचा. एका रात्री निवेदकाचे बोलणे खरखरीत बुडाले आणि गाणे मात्र स्वच्छ आले. तसे संथ, वर चढत जाणारे गाणे आम्ही आधी ऐकले नव्हते. नाव ठाऊक नाही, म्हणून पहिल्या उद्गारावरून ‘ओ’ च्या पानावर टिपले. पुढे एकदा मित्राने एकट्याने नाव ऐकले, ‘अनचेन्ड मेलडी’, आणि नेमके गाणे बुडाले. त्याने ते ‘अ’ मध्ये लिहिले. इंग्रजी गाण्यांत ‘मेलडी’ असा शब्द कधी कानावर आला नव्हता. आम्ही म्हटले, “अबे, असं गाणंच नाही. तू मनानं लिहिलं.” तो म्हणाला, “निवेदक सांगत होता ना बे!” आम्ही ऐकले नाही. लाल शाईने नाव खोडले. तो चिडला. काही दिवस आलाच नाही. १९७१ मध्ये त्याच्या वडिलांची बदली झाली. वही आमच्याकडे राहिली, पत्ता राहिला नाही.

१९९० च्या ‘घोस्ट’ सिनेमाची कॅसेट आम्ही काही वर्षांनी घरी आणून पाहिली. त्यात ते गाणे आले, तेच, ‘ओ’ च्या पानावरचे. शेवटी पडद्यावर नावे सरकू लागली, आणि त्यात होते ‘अनचेन्ड मेलडी’. १९५५ च्या ‘अनचेन्ड’ नावाच्या तुरुंगावरच्या सिनेमासाठी ॲलेक्स नॉर्थ यांनी त्याला चाल दिली होती, शब्द हाय झॅरेट यांचे. सिनेमाचे नाव गाण्याला चिकटले, गाण्याच्या शब्दांत मात्र ते नाही.

आता पाहा, तोपर्यंत वर्षानुवर्षे आम्ही वर्गात फ्रेगे शिकवत होतो. १८९२ चा त्याचा प्रसिद्ध लेख. पहाटेचा तारा आणि संध्याकाळचा तारा, दोन नावे, पण दोन्ही शुक्रच. हे दोन एकच आहेत हे कळणे म्हणजे नवे ज्ञान. फळ्यावर कितीदा लिहिले असेल! आणि घरातल्या ट्रंकेत एकाच वहीत एकच गाणे दोन पानांवर होते. त्यातले एक आम्ही स्वतः खोडलेले.

आज फोनसमोर गुणगुणले तरी नाव सापडते. चांगलेच आहे. पण ‘क’ च्या पानावर जसे नको असलेले शेजारी भेटायचे, तसे मग भेटत नाहीत. आणि सूचीत नाही म्हणजे जगात नाही, ही खोड फोन असला तरी जात नाही. एखाद्याने आपल्या ओळखीच्या गोष्टीचे वेगळे नाव घेतले, तर त्याला खोटे ठरवण्याआधी एकदा दुसरे पान उलटावे, एवढेच आम्हाला म्हणायचे आहे.

ग्रंथपालांकडे यासाठी एक साधा शब्द असतो. त्या रात्री आम्ही वही काढली. लाल रेघ पुसता येण्यासारखी नव्हती. तिच्या शेजारी लिहिले, ‘पाहा: ओ’. मग ‘ओ’ च्या पानावर लिहिले, ‘पाहा: अ’. हे त्याला दाखवायचे राहिले आहे.