कर्णधार आणि लोकरोष : मराठी क्रीडाजीवनातील दोन प्रसंग

सांघिक खेळातील पराभव हा वस्तुतः अनेकांच्या उणिवांचा एकत्रित परिणाम असतो; पण समाज त्याचे उत्तर एका व्यक्तीकडे मागतो. आपला संघ हरू लागला म्हणजे त्यावर जीव टाकणारा प्रेक्षक चिडतो, संघाच्या नेतृत्वाला आणि त्याला शिकविणाऱ्यांना धारेवर धरतो, त्यांना बदलण्याची मागणी करतो. हा रोष अविचारी असतो, असे म्हणून तो बाजूला सारण्याची अभ्यासकांची रीत आहे. ती पुरती न्याय्य नाही. अशा रोषात समाजाची न्यायबुद्धीही प्रकट होते आणि त्याचा उतावळेपणाही. कोणत्या वेळी कोणती बाजू वर येते, हा इतिहासाचा प्रश्न आहे. मराठी मुलखाशी निकटचा संबंध असलेल्या दोन प्रसंगांच्या आधारे त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१

प्रथम एका शब्दाविषयी. संघाच्या प्रमुखाला मराठीने ‘कर्णधार’ हा संस्कृत शब्द दिला. ‘कर्ण’ म्हणजे येथे नौकेचे सुकाणू. ते धरणारा तो कर्णधार. या शब्दाने खेळाच्या संघाची नौका केली आणि बाकीच्या खेळाडूंना तिच्यातील उतारू केले. नौका तरली तर श्रेय सुकाणू धरणाराचे, बुडाली तर दोषही त्याचाच, हा न्याय शब्दातच गृहीत आहे. वारा कसा होता, नौका कोणी बांधली, ती कोणत्या ऋतूत पाण्यात लोटली, हे प्रश्न या रूपकात मागे पडतात.

याला जोडून दुसरा शब्द येतो, तो ‘पानिपत’. १४ जानेवारी १७६१ रोजी जो सर्वनाश झाला त्याचे नाव मराठीत सामान्यनाम झाले. परीक्षेतल्या, निवडणुकीतल्या आणि मैदानावरल्या दारुण पराभवालाही मराठी माणूस ‘पानिपत’ म्हणतो. त्या युद्धाचा दोष सदाशिवरावभाऊंच्या हट्टाचा, की रणांगणातून निघून गेलेल्या मल्हारराव होळकरांचा, हा वाद मराठी समाजाने दोनशे वर्षे चालविला. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी १९६१ च्या आपल्या मराठी ग्रंथात या वादाचा पुन्हा एकदा कसून विचार केला. पराभव झाला म्हणजे आधी सेनापती शोधावयाचा, ही सवय या भाषेत क्रिकेट येण्यापूर्वीच मुरलेली होती.

२

पहिला प्रसंग १९२० ते १९२३ या काळातील. मुंबईत त्या वेळी युरोपियन, पारशी, हिंदू व मुसलमान अशा चार संघांचे चौरंगी सामने भरत. हिंदू संघाचा आधारस्तंभ होता पळवणकर बाळू हा डावखुरा गोलंदाज. चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या बाळूने पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम केले. त्या सरावातून त्याचे कौशल्य सिद्ध झाले. पुण्याच्या हिंदूंनी त्याला संघात घेतले खरे, पण चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. मैदानावर चेंडूचा विटाळ नव्हता; पेल्याचा होता.

१९०६ आणि १९०७ साली हिंदू संघाने युरोपियनांना हरविले, त्यात बाळूचा वाटा मोठा होता. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेला संघ सामान्यच ठरला. परंतु बाळूने त्या दौऱ्यात सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले. त्याचे बंधू शिवराम, विठ्ठल आणि गणपत हेही उत्तम खेळाडू होते. तरीही हिंदू संघाचे नेतृत्व बाळूकडे आले नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी सत्काराला उत्तर देताना, अनुभवाने ज्येष्ठ असलेल्या बाळूलाच हा मान मिळावयास हवा होता, असे उघडपणे सांगितले. अन्याय झाकलेला नव्हता. ज्याला त्याचा लाभ झाला त्यानेच तो बोलून दाखविला होता.

१९२० च्या चौरंगी सामन्यांत प्रकरण हातघाईवर आले. पै आजारी पडले. बाळूला संघातून वगळण्यात आले आणि मुसलमान संघाविरुद्धच्या सामन्याचे नेतृत्व तरुण दि. ब. देवधर यांना देण्यात आले. देवधरांच्या गुणवत्तेविषयी वाद नव्हता. पुढे त्यांनी ती सिद्धही केली. वाद होता तो निवडीच्या निकषाविषयी. विठ्ठल व शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून त्या सामन्यातून अंग काढून घेतले, आणि हा प्रश्न जातीचा आहे हे स्पष्ट शब्दांत मांडले. वृत्तपत्रांतून चर्चा झाली. अंतिम सामन्याच्या वेळी पै परतले, बाळूला उपकर्णधार करण्यात आले, दोघे भाऊ पुन्हा खेळावयास आले. आणि त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेल्यामुळे संघाची सूत्रे प्रत्यक्षात बाळूच्या हाती आली.

तथापि संस्थांची मने एका सामन्यात बदलत नाहीत. १९२१ मध्ये युरोपियन व १९२२ मध्ये पारशी विजयी झाले. या दुसऱ्या वर्षी विठ्ठल यांना पुन्हा डावलले गेले होते. अखेर १९२३ साली विठ्ठल पळवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले व त्यांच्या संघाने युरोपियनांवर विजय मिळविला. उच्चवर्णीय म्हणविणाऱ्या हिंदूंनी विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतले, ही त्या दिवसाची सर्वांत बोलकी घटना होय. १९२५ व १९२६ या वर्षीही हिंदू संघ त्यांच्याच नेतृत्वाखाली विजयी झाला. विठ्ठल यांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिले. मराठीतील क्रीडाविषयक आत्मकथनांत त्याचे स्थान वेगळे आहे.

या प्रसंगात रोषाचे स्वरूप काय होते? तो रोष हरलेल्या कर्णधारावर नव्हता. कर्णधार कोण निवडतो आणि कोणत्या निकषावर, या पद्धतीवर तो होता. म्हणून त्याने कोणाही खेळाडूची मानखंडना केली नाही. बदलाला तीन वर्षे लागली. पण झालेला बदल टिकला.

३

दुसरा प्रसंग १९७४ सालचा. मधल्या काळातील दोन घटनांचा केवळ निर्देश पुरे. १९३६ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर विजयनगरमचे महाराजकुमार कर्णधार झाले ते खेळाच्या बळावर नव्हे. त्या दौऱ्यात लाला अमरनाथ यांना अर्ध्यातून परत पाठविण्यात आले. १९५८-५९ साली वेस्ट इंडीजविरुद्धच्या पाच कसोटी सामन्यांत उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड व हेमू अधिकारी असे चार कर्णधार झाले आणि मालिका ०-३ अशी गेली. दोन्ही वेळी दोष निवडणारांचा होता.

१९७१ साली निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने मुंबईचे अजित वाडेकर कर्णधार झाले. त्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये १-० आणि इंग्लंडमध्ये १-० असे मालिकाविजय मिळाले. २४ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हल मैदानावर भारताने इंग्लंडमधील आपली पहिली कसोटी जिंकली. चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ बळी घेऊन इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपविला होता. संघाचे व्यवस्थापक हेमू अधिकारी हे जातीचे शिस्तप्रिय सैनिक. क्षेत्ररक्षणात त्यांनी खेळाडूंकडून करून घेतलेल्या मेहनतीचे श्रेय सर्वांनी मान्य केले. मुंबईने संघाचे जंगी स्वागत केले. इंदूरकरांनी तर खेळाडूंची नावे कोरलेली सिमेंटची प्रचंड बॅट उभारली. तिला ‘विजय बल्ला’ म्हणतात. १९७२-७३ साली मायदेशी इंग्लंडला पुन्हा २-१ असे नमविले. वाडेकरांच्या नेतृत्वाखालील पहिल्या १३ कसोटींत ४ विजय, ८ अनिर्णित सामने आणि एकच पराभव, असा हा हिशेब होता.

१९७४ च्या उन्हाळ्यात तोच कर्णधार आणि तेच व्यवस्थापक इंग्लंडला गेले. पहिली कसोटी ११३ धावांनी गेली. लॉर्ड्सवर इंग्लंडने ६२९ धावा केल्या. त्या डावात बेदींच्या गोलंदाजीवर २२६ धावा निघाल्या. भारताचा पहिला डाव ३०२ धावांचा, आणि २४ जून रोजी दुसरा डाव १७ षटकांत ४२ धावांवर संपला. त्यांतील १८ धावा एकनाथ सोलकर यांच्या, आणि ते नाबाद राहिले. तिसरी कसोटीही एक डाव आणि ७८ धावांनी गेली.

चोपड्यासारख्या तालुक्याच्या गावी ही वार्ता कशी पोहोचली असेल, याचा विचार उपयुक्त ठरेल. मुंबईचे दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले होते. पण त्याची पोच मुंबई-पुण्यापलीकडे नव्हती. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या भागात क्रिकेटचा चाहता हा प्रेक्षक नव्हता, श्रोता व वाचक होता. ढगाळ आकाश, ओलसर हवा, हवेत वळणारा चेंडू यांपैकी काही त्याने पाहिले नव्हते. त्याच्या हाती पडला तो ‘४२’ हा आकडा. पाहणाऱ्याला कारणे दिसतात. ऐकणाऱ्याला निकाल कळतो. खानदेशाचे स्थानही असे की, कर्णधाराची मुंबई एका बाजूला आणि विजय बल्ल्याचे इंदूर दुसऱ्या बाजूला. चोपडा तालुक्याची उत्तर सीमा सातपुड्यात संपते आणि पलीकडे जुन्या होळकरी मुलखातील निमाड सुरू होते. त्या दोन्ही शहरांत जे घडले ते सारखेच उद्वेगजनक होते. मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगडफेक झाली. इंदुरात तीन वर्षांपूर्वी गौरवाने उभारलेला बल्ला विद्रूप करण्यात आला.

कारणे मात्र निराळीच होती. १९७१ चा दौरा इंग्लिश उन्हाळ्याच्या उत्तरार्धातला, कोरड्या खेळपट्ट्यांचा होता; १९७४ चा पूर्वार्धातला, थंड व ओल्या हवेचा. ज्या फिरकी गोलंदाजीवर १९७१ चे यश उभे होते तिला ही हवा मानवणारी नव्हती, आणि जलदगती गोलंदाज तयार करण्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. संघात बेबनाव होता, हेही खरे, आणि त्याचा काही दोष कर्णधार व व्यवस्थापक यांच्याकडे जातो. पण दौऱ्याचा काळ ठरविणारे आणि वर्षानुवर्षे केवळ फिरकीवर विसंबणारे नियामक मंडळ लोकांच्या दृष्टीआड राहिले. पश्चिम विभागाच्या संघातून वाडेकरांना वगळण्यात आले. त्यांनी खेळातून निवृत्ती पत्करली. कर्णधारपद पुन्हा पतौडींकडे गेले, आणि त्या हिवाळ्यातील वेस्ट इंडीजविरुद्धची मालिकाही २-३ अशी हातची गेली. सुकाणू धरणारा बदलला. नौका तीच होती.

४

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले असता भेद स्पष्ट होतो. १९२० साली लोकांनी विचारले, ‘याला का निवडले नाही?’ १९७४ साली विचारले, ‘हा का हरला?’ पहिल्या प्रश्नाला नियम, पद्धत आणि न्याय यांत उत्तर शोधावे लागते. दुसऱ्याला एक माणूस सापडला की उत्तर मिळाल्यासारखे वाटते आणि चौकशी तेथेच थांबते. पहिल्या रोषाने एका उपेक्षित कुटुंबाला त्याचा हक्क मिळवून दिला. दुसऱ्याने एका यशस्वी कर्णधाराची कारकीर्द अकाली संपविली आणि संघाच्या मूळ दुखण्याला हातही लावला नाही.

यावर असा आक्षेप येईल की, १९२० चा लढा खेळाडूंनी स्वतः उभारला होता, १९७४ चा क्षोभ जमावाचा होता. दोहोंची तुलना कशी करावी? आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातूनच मुद्दा बळकट होतो. पळवणकर बंधूंनी निवेदन लिहिले, कारण दिले आणि सामना सोडण्याची किंमत स्वतः मोजली. त्यामुळे सामान्य चाहत्याच्या रोषालाही विचारांची दिशा मिळाली. १९७४ मध्ये तशी दिशा देणारे कोणी पुढे आले नाही. मंडळाने तर कर्णधाराला दूर करून जमावाच्याच निवाड्यावर शिक्कामोर्तब केले.

वाडेकरांच्या उत्तरायुष्याने या कथेला एक अर्थपूर्ण जोड दिली. १९९३ साली ते भारतीय संघाचे व्यवस्थापक असताना मायदेशी इंग्लंडचा ३-० असा पराभव झाला. १९७४ च्या आकड्यांची ती नेमकी उलटापालट होती. त्यांच्याच व्यवस्थापनाखालील संघ १३ मार्च १९९६ रोजी कोलकात्यात विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ८ बाद १२० अशा अवस्थेत असताना प्रेक्षकांनी जाळपोळ केली आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. २०१८ साली वाडेकरांचे निधन झाले, तेव्हा वृत्तपत्रांनी प्रामुख्याने १९७१ चे स्मरण केले. दगडफेकीचा उल्लेख आलाच तर एखाद्या वाक्यात आला.

समाज आपला उत्साह लक्षात ठेवतो आणि आपला अन्याय विसरतो. म्हणून क्रीडेतिहासाच्या अभ्यासकाने विजयी मिरवणुकांइतकीच पराभवानंतरच्या दिवसांची नोंद केली पाहिजे. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या वृत्तपत्रांतील वाचकांची पत्रे, शाळा-महाविद्यालयांची वार्षिके, क्रीडामंडळांची इतिवृत्ते यांत ही सामग्री विखुरलेली असते. चाहत्याच्या भाषेत ‘कर्णधार’ हा शब्द किती वेळा येतो आणि ‘निवड’ हा किती वेळा, एवढे मोजले तरी त्याचा रोष न्यायाकडे झुकत होता की सूडाकडे, याचा पुष्कळसा उलगडा होईल.