शरणपूरची आफ्रिकी मुले

नाशिकचा शरणपूर रोड आज दुकाने, दवाखाने आणि सिग्नल यांनी गजबजलेला आहे. 'शरणपूर' हे नाव कुठून आले, असे मी पंधरा-वीस वर्षांत अनेकांना विचारले. बहुतेकांना ते एखाद्या जुन्या खेड्याचे नाव वाटते. खेडे होतेच, पण ते ठरवून वसवलेले. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी 1854 मध्ये नाशिक गावाबाहेर ही ख्रिस्ती वसाहत उभारली. एक साधे प्रार्थनामंदिर, भोवती घरे, शाळा, अनाथालय आणि कामाच्या शाळा. बाप्तिस्मा घेतला की घर तुटायचे, विहीर तुटायची, पोटापाण्याचा धंदाही जायचा. अशांना शरण जाण्याची जागा म्हणून शरणपूर.

नाशिकात या संस्थेचे काम त्याआधी, 1832 पासून सुरू होते. तेव्हाचे मिशनरी फॅरार आणि त्यांच्या पत्नी, ज्यांनी मराठीत पुस्तके लिहिली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. फॅरार हे आडनाव मात्र वाचकांनी लक्षात ठेवावे. ते पुढे अनपेक्षित जागी भेटणार आहे.

1860 च्या सुमारास या मराठी मंडळीत आफ्रिकी मुले येऊ लागली. झांझिबारच्या बाजारातून अरबस्तानाकडे गुलाम नेणारी गलबते ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात पकडत असे. सुटका झालेल्या मुलांना परत आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडावे, तर ती पुन्हा पकडली जाणार, कारण झांझिबारात गुलामगिरी कायदेशीर होती. म्हणून त्यांना एडनला किंवा मुंबईला उतरवत. मुंबईत उतरलेल्यांपैकी काहींना शरणपूरच्या 'आफ्रिकन असायलम'मध्ये पाठवण्यात आले. या कामात पुढाकार असलेले कार्ल विल्हेल्म आयझेनबर्ग मुंबईला येण्यापूर्वी योहान क्राफ यांच्याबरोबर अबिसिनियात राहिले होते. या मुलांविषयी त्यांना वाटणारी आस्था तिथली असावी.

याओ, मकुआ अशा जमातींतली ही मुले. घरची भाषा सुटलेली, आईबाप कुठे आहेत याचा पत्ता नाही. इथे त्यांनी सुतारकाम, लोहारकाम, वाचन-लेखन शिकले. इंग्रजीबरोबर हिंदुस्तानी आणि मराठीही शिकली. रविवारी त्याच छोट्या मंदिरात नाशिक जिल्ह्यातल्या मराठी कुटुंबांच्या शेजारी बसून ती उपासना करत. गोदाकाठची मराठी बोलणारा याओ मुलगा ही कल्पना आपल्याला विचित्र वाटते. शरणपुरात ती रोजची गोष्ट होती.

बाप्तिस्म्याबरोबर त्यांना नवी नावे मिळाली. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, केरस फॅरार, जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन. ही यादी पहिल्यांदा वाचताना मला वाटले होते की ही विलायतेतल्या एखाद्या शाळेची हजेरी आहे. प्राइस हे संस्थापकाचे आडनाव, आयझेनबर्ग आणि फॅरार आपण वर पाहिलेच. इंग्लंडमधले देणगीदार एखाद्या मुलाचा खर्च उचलत आणि त्याला आपल्या पसंतीचे नाव देत, ही मिशनांची सर्रास रीत होती. त्यातले एक नाव मला विशेष वाटते, ते म्हणजे 'रटन'. जेम्स रटन, रिचर्ड रटन, बेंजामिन रटन अशी तीन मुले आढळतात. नाशिकच्या मिशनशी जोडलेले आणि पुढे औरंगाबादला नावाजलेले पाळक रतनजी नौरोजी पारशी घराण्यातून आलेले. 'रटन' म्हणजे रतनजीच, असा माझा तर्क आहे. तसे असेल, तर आफ्रिकेतून आलेल्या मुलाने एका पारशी ख्रिस्ती माणसाचे नाव आडनाव म्हणून लावले आणि तेच घेऊन तो पुन्हा आफ्रिकेत गेला.

परत जाण्याची सुरुवात लवकर झाली. क्राफ यांचे सहकारी रेबमन मोंबासाजवळ रबाई येथे जवळजवळ एकटेच होते. 1864 मध्ये जॉर्ज डेव्हिड, विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे तिघे त्यांच्या मदतीला गेले. त्यानंतर डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आले. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पाठिंब्याने त्यांनी नव्या मोहिमेची तयारी केली आणि शरणपूरची नऊ मुले सोबत घेतली. शिवाय मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाईही होते. चुमा हा लिव्हिंग्स्टनचा प्रसिद्ध सेवक या नऊंतला नव्हे. तो मुंबईत डॉ. विल्सन यांच्या शाळेत होता. इंग्रजी पुस्तकांतही हा घोटाळा दिसतो.

लिव्हिंग्स्टनने रोजनिशीत 'नासिक बॉइज'विषयी बऱ्याच तक्रारी लिहिल्या आहेत: आळशी, कामचुकार, वगैरे. चरित्रकारांनी त्या तशाच उचलल्या. मला त्या वाचताना राग येतो. सुतार-लोहार म्हणून शिकवलेल्या मुलांना ओझी वाहायला लावले आणि ज्या वाटांनी त्यांना साखळदंडात नेले गेले होते त्याच वाटांवरून उलट चालायला लावले. त्यांच्या कुरकुरीला आळस म्हणणे सोपे आहे.

1872 मध्ये आणखी सहा जण पोहोचले. त्यांत जेकब वेनराइट होता. 1 मे 1873 ही लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूची तारीख मानली जाते. सोबत्यांनी त्याचे काळीज चितांबोच्या गावात झाडाखाली पुरले. अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली आणि झाडाच्या खोडावर मजकूर त्यानेच कोरला. खोडावर तारीख मात्र 4 मे आहे. ते लाकूड लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत आहे. नंतर वाळवलेला देह गुंडाळून, हजार मैलांहून अधिक पायपीट करून ही मंडळी फेब्रुवारी 1874 मध्ये बागामोयोच्या किनाऱ्याला लागली. 18 एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात लावून चालणाऱ्यांत जेकब हा एकटा आफ्रिकी होता. त्याच्या वाचनाची, प्रार्थनेची सवय शरणपूरच्या मंदिरातली. त्याची इंग्रजी रोजनिशी आज उपलब्ध आहे.

1873 मध्ये फ्रियर यांच्या खटपटीने झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. सुटलेल्यांसाठी मोंबासासमोर वसाहत करायचे ठरले, तेव्हा ती उभारायला शरणपूरच्याच प्राइस साहेबांना बोलावले गेले. 1875 ची ही वसाहत म्हणजे फ्रियर टाउन. शरणपुरात वाढलेली आफ्रिकी कुटुंबे तिकडे गेली. मोंबासात त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. गुलाम पकडणाऱ्यांची चाहूल लागली की वाजवायची घंटा तिथे उभारली. तो भाग आजही 'कोंगोवेआ'शेजारी 'केंगेलेनी', म्हणजे घंटेपाशी, या नावाने ओळखला जातो.

गोऱ्या मिशनऱ्यांचे या मंडळींशी फारसे जमले नाही. ही शिकलेली, हिशेब मागणारी माणसे त्यांना उद्धट वाटत. विल्यम जोन्सला दीक्षा मिळायला 1885 साल उजाडावे लागले, म्हणजे किनाऱ्यावर पाऊल ठेवल्याला एकवीस वर्षे झाल्यावर. त्याच वर्षी तो बिशप हॅनिंग्टनबरोबर युगांडाच्या वाटेला लागला. बिशप मारले गेले आणि उरलेला काफिला जोन्सने परत आणला.

पण जोन्सचे मोठे काम रबाईतले. मळ्यांवरून पळालेले गुलाम रबाईत येत, आणि तो त्यांना ठेवून घेई. मालक चवताळले, मिशनचे वरिष्ठ धास्तावले. पळालेल्यांना ठेवू नका, असे त्याला बजावले गेले; तरी माणसे राहिलीच. 1888 मध्ये प्रकरण हातघाईवर आले. तेव्हा ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचे मॅकेन्झी यांनी मालकांना भरपाई दिली आणि चौदाशेच्या आसपास माणसांना मुक्ततेचे कागद मिळाले. शरणपुरात आश्रय मिळालेल्या मुलाने रबाईचेच शरणपूर केले होते.

इकडे शरणपूरची मंडळी पुन्हा सगळी मराठी झाली. लक्ष्मीबाई टिळकांच्या अखेरच्या वर्षांमुळे नाशिकची ख्रिस्ती वस्ती मराठी वाचकाला ठाऊक आहे; आफ्रिकी मुले मात्र त्या आठवणीत नाहीत. मोंबासात त्यांचे वंशज आहेत.

या मुलांपैकी फार थोड्यांची मूळ नावे टिकली. मॅथ्यू वेलिंग्टनचे टिकले: चेंगविंबे. लिव्हिंग्स्टनचा देह वाहून आणणाऱ्यांतला तो अखेरचा. त्याच्या हयातीतच त्याच्यावर छोटेसे इंग्रजी पुस्तक निघाले. 1935 मध्ये तो मोंबासात वारला.