शालेय ग्रंथालयांतील माहिती-साक्षरतेचे मूल्यमापन

माहितीची गरज ओळखणे, ती कोठे व कशी मिळेल हे ठरविणे, मिळालेल्या माहितीची ग्राह्यता पारखणे आणि तिचा योग्य उपयोग करणे, या क्षमतांना एकत्रितपणे ‘माहिती-साक्षरता’ असे म्हणतात. शालेय ग्रंथालयाच्या द्वारे या क्षमता विद्यार्थ्यांमध्ये कितपत रुजल्या, हे पद्धतशीरपणे तपासणे म्हणजे तिचे मूल्यमापन होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या मूल्यमापनाची सलग परंपरा आढळते. ग्रंथ कोठे आहे हे विद्यार्थ्यास ठाऊक आहे काय, या प्रश्नापासून तिचा प्रारंभ झाला. ग्रंथात जे सांगितले आहे त्यावर विश्वास का ठेवावा, हा प्रश्न कसोटीत येण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

पार्श्वभूमी : १८७६ मध्ये फिलाडेल्फिया येथे अमेरिकन ग्रंथालय संघाची स्थापना झाली आणि त्याच वर्षी मेल्व्हिल ड्यूई (१८५१–१९३१) याची दशांश वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. ग्रंथांची मांडणी आणि तालिका यांना निश्चित स्वरूप आल्याने त्यांचा वापर कसा करावा, हे शिकविणेही शक्य झाले. शालेय ग्रंथालयांसाठी पहिली महत्त्वाची मानके सी. सी. सर्टन याच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केली. अमेरिकन ग्रंथालय संघाने ती १९२० मध्ये प्रसिद्ध केली. त्यांचा भर जागा, ग्रंथसंग्रह, साधनसामग्री आणि प्रशिक्षित ग्रंथपाल यांवर होता. ग्रंथालय चांगले आहे की नाही हे त्यातील सामग्रीवरून ठरे. विद्यार्थी काय शिकला, यावरून नव्हे.

प्रमाणित कसोट्या : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन शिक्षणक्षेत्रात प्रमाणित कसोट्यांचा मोठा प्रसार झाला व त्याचा परिणाम ग्रंथालय-शिक्षणावरही झाला. आयोवा विद्यापीठात ई. एफ. लिंडक्विस्ट (१९०१–७८) याच्या मार्गदर्शनाखाली १९३५ पासून ज्या शालेय कसोट्या घेतल्या जाऊ लागल्या, त्यांत अभ्यासकौशल्यांचा एक विभाग होता. नकाशे, आलेख व कोष्टके वाचणे आणि संदर्भसाधनांचा उपयोग करणे, ही कौशल्ये त्यात तपासली जात. १९४०च्या सुमारास लुई शोअर्स (१९०४–८१) व जोसेफ मूर यांची ‘पीबडी ग्रंथालय-माहिती कसोटी’ वापरात आली. ग्रंथाचे घटक, वर्गीकरण, तालिका, कोश, निर्देशसूची इत्यादींविषयीचे ज्ञान अशा कसोट्यांतून अजमावले जाई.

या कसोट्या देण्यास व तपासण्यास सोप्या होत्या. अनेक शाळांच्या गुणांची तुलनाही त्यांमुळे करता येई. तथापि तालिकापत्रावरील क्रमांकाचा अर्थ अचूक सांगणारा विद्यार्थी निबंध लिहिताना एकाच कोशातील मजकूर उतरवून काढू शके आणि हा दोष कसोटीत दिसत नसे. कसोटी विश्वसनीय होती, म्हणजे पुनःपुन्हा घेतली तरी निष्कर्ष सारखाच येई. परंतु जे मोजावयाचे तेच ती मोजत होती की नाही, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. शिवाय जे कसोटीत विचारले जाते तेच वर्गात शिकविले जाते, हा शिक्षणव्यवहारातील सर्वपरिचित अनुभव येथेही आला. ग्रंथालयाचा तास बव्हंशी ग्रंथालयाच्या रचनेची ओळख करून देण्यातच संपू लागला.

संकल्पनेचा उदय : ‘माहिती-साक्षरता’ ही संज्ञा पॉल झुर्कोव्स्की याने १९७४ मध्ये ग्रंथालये व माहितीशास्त्र यांविषयीच्या राष्ट्रीय आयोगास सादर केलेल्या निवेदनात प्रथम योजिली. तो माहिती-उद्योगांच्या संघटनेचा अध्यक्ष होता आणि त्याच्या विवेचनाचा रोख कामाच्या ठिकाणी माहितीसाधनांचा उपयोग करणाऱ्या व्यक्तींवर होता. १९८३ मध्ये राष्ट्रातील शालेय शिक्षणाच्या घसरत्या दर्जाविषयी एक गाजलेला शासकीय अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातील सुधारणांच्या विचारात ग्रंथालयांस स्थान नसल्यामुळे ग्रंथपालवर्ग अस्वस्थ झाला. अमेरिकन ग्रंथालय संघाच्या अध्यक्षीय समितीने १९८९ मध्ये माहिती-साक्षर व्यक्तीची व्याख्या केली : गरज ओळखून माहिती शोधणारी, पारखणारी आणि परिणामकारकपणे वापरणारी ती व्यक्ती माहिती-साक्षर होय. १९९८ मधील राष्ट्रीय मार्गदर्शिकेत शालेय विद्यार्थ्यांसाठी नऊ मानके देण्यात आली. माहिती-साक्षरता, स्वतंत्र अध्ययन आणि सामाजिक जबाबदारी अशा तीन गटांत त्यांची विभागणी केलेली होती. सर्टन समितीच्या मानकांचा विषय ग्रंथालय हा होता. या मानकांचा विषय विद्यार्थी हा झाला.

शोधप्रक्रियेचा अभ्यास : मूल्यमापनाच्या दृष्टिकोनात मूलगामी बदल घडवून आणण्याचे श्रेय रटगर्स विद्यापीठातील कॅरल कूलथाऊ हिच्या संशोधनास द्यावे लागते. १९८०च्या दशकात तिने शालान्त वर्गातील विद्यार्थ्यांच्या निबंधलेखनाचा प्रारंभापासून अखेरपर्यंत मागोवा घेतला. त्यातून प्रारंभ, विषयनिवड, चाचपणी, सूत्रनिश्चिती, संकलन आणि सादरीकरण असे शोधप्रक्रियेचे सहा टप्पे तिने निश्चित केले. प्रत्येक टप्प्यावरील विचार, कृती व भावना यांची तिने नोंद केली. विषय निवडल्यावर विद्यार्थ्याचा गोंधळ कमी होतो, ही सर्वसाधारण समजूत तिच्या अभ्यासाने खोटी ठरविली. चाचपणीच्या टप्प्यावर परस्परविरोधी माहिती समोर येऊन अनिश्चितता उलट वाढते. विषयाचे सूत्र सापडल्यावरच ती ओसरू लागते. त्यामुळे केवळ अंतिम निबंधास गुण देऊन विद्यार्थी कोठे अडला हे कळत नाही, आणि साहाय्याची खरी वेळ हातची निघून जाते.

याच सुमारास मायकेल आयझेनबर्ग व रॉबर्ट बर्कोविट्झ यांनी सहा पायऱ्यांची एक अध्यापनपद्धती मांडली (१९९०). तिच्यातील शेवटची पायरी मूल्यमापनाची असून ते विद्यार्थ्याने स्वतःच्या कामाचे व कार्यपद्धतीचे करावयाचे असते.

ग्रंथालयाच्या उपयुक्ततेचे पुरावे : विद्यार्थ्याचे मूल्यमापन आणि ग्रंथालयाचे समर्थन या दोन गोष्टी व्यवहारात वारंवार एकमेकींत मिसळल्या. मेरी गेव्हर हिने सहा प्राथमिक शाळांची तुलना केली होती (१९६३). केवळ वर्गातील ग्रंथसंग्रह, ग्रंथपालाविना मध्यवर्ती संग्रह आणि प्रशिक्षित ग्रंथपालासह ग्रंथालय, या तीन व्यवस्थांपैकी तिसरी अधिक फलदायी असल्याचे तिला आढळले. कीथ करी लान्स व त्याचे सहकारी यांनी कोलोरॅडो राज्यातील पाहणीत (१९९३) ग्रंथालयाचा कर्मचारीवर्ग व संग्रह यांचा विद्यार्थ्यांच्या वाचनकसोटीतील गुणांशी संबंध दाखविला. समाजाची आर्थिक स्थिती विचारात घेऊनही तो टिकून राहिला. अशा पाहण्या पुढे अनेक राज्यांत झाल्या. मात्र सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. वाचनकसोटीतील गुण हे माहिती-साक्षरतेचे मापही नव्हे. ओहायओ राज्यातील ३९ शाळांच्या पाहणीत (२००२-०३) तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांपैकी ९९·४ टक्क्यांनी ग्रंथालयाचे साहाय्य झाल्याचे सांगितले. परंतु या शाळा चांगल्या ग्रंथालयांसाठी निवडलेल्या होत्या आणि उत्तरे विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या मतावर आधारलेली होती.

या पुराव्यांमागील निकड समजण्याजोगी आहे. २००२ मध्ये अंमलात आलेल्या संघीय कायद्याने वाचन व गणित यांच्या वार्षिक कसोट्या सक्तीच्या केल्या. या दोन विषयांतील गुणांवर शाळेची प्रतिष्ठा अवलंबून राहू लागताच ज्या कार्याची गुणांत नोंद होत नाही, ते अनावश्यक मानले जाण्याचा धोका निर्माण झाला. ग्रंथपालाचे पद टिकविण्यासाठी आकडे हवे होते. विद्यार्थ्याचे अध्ययन समजण्यासाठी मात्र वेगळ्याच साधनांची गरज होती.

अध्ययनमापनाची नवी साधने : केंट राज्य विद्यापीठाने २००६ पासून शाळांना एक विनामूल्य बहुपर्यायी कसोटी इंटरनेटद्वारे उपलब्ध करून दिली. विषय निश्चित करणे, साधने ओळखणे, शोधाची पद्धत आखणे, माहिती पारखणे आणि तिचा जबाबदारीने वापर करणे, असे तिचे पाच विभाग होते. ही सेवा पुढे बंद झाली. रॉस टॉड, कूलथाऊ व यानिका हाइनस्ट्रम यांनी २००५ मध्ये तयार केलेले साधन याहून भिन्न होते. प्रकल्पाच्या प्रारंभी, मध्ये व अखेरीस विद्यार्थ्याने त्या विषयाबद्दल स्वतःस काय ठाऊक आहे, काय सोपे वाटले व काय अवघड गेले, हे आपल्या शब्दांत लिहावयाचे असे. तिन्ही वेळच्या लेखनातील विधानांची वर्गवारी करून केवळ वस्तुस्थितीकडून कारणमीमांसा व निष्कर्ष यांकडे वाटचाल झाली काय, हे पाहिले जाई. न्यू जर्सीतील शाळांत असे आढळले, की काही विद्यार्थी तथ्यांत तथ्यांची भर घालीत जातात, तर काही त्यांची सुसंगत जुळणी करतात. माहिती गोळा करणे आणि ज्ञान होणे यांतील हा भेद बहुपर्यायी कसोटीच्या आटोक्यात येणारा नव्हता. हवाईमधील व्हायोलेट हराडा व जोन योशिना यांनी २००५ मधील ग्रंथात शिक्षक व ग्रंथपाल यांनी एकत्रितपणे वापरावयाच्या निकष-तक्ते, नोंदवह्या, मुलाखती इ. साधनांचे विवेचन केले. अशा पद्धती वेळखाऊ असल्याने शेकडो विद्यार्थी असलेल्या एकट्या ग्रंथपालास त्या राबविणे कठीण जाते.

इंटरनेटचे आव्हान : ग्रंथालयातील पुस्तक निवडून घेतलेले असते; इंटरनेटवरील मजकुरास अशी चाळणी नसते. त्यामुळे पारख हाच मूल्यमापनाचा केंद्रबिंदू बनला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग व त्याचे सहकारी यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, माध्यमिक शाळेच्या खालच्या वर्गांतील ८० टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांनी ‘प्रायोजित’ असे स्पष्ट लिहिलेली जाहिरात ही बातमी मानली. २०१९ च्या अहवालात ३,४४६ विद्यार्थ्यांची पाहणी होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी वस्तुतः रशियात चित्रित झालेली एक अस्पष्ट चित्रफीत अमेरिकेतील मतदानातील गैरप्रकारांचा सबळ पुरावा म्हणून स्वीकारली. याच संशोधकांनी इतिहासकार, विद्यापीठीय विद्यार्थी आणि वृत्तांची सत्यता तपासणारे व्यावसायिक यांची तुलना केली. व्यावसायिक अनोळखी संकेतस्थळावर रेंगाळत नाहीत. त्या स्थळाविषयी इतर काय म्हणतात, हे ते आधी पाहतात. संकेतस्थळाची मांडणी, लेखकाचे नाव व दिनांक पाहून खुणा करावयाच्या ज्या तपासणी-याद्या शाळांत प्रचलित होत्या, त्यांची अपूर्णता यामुळे उघड झाली.

समालोचन : २०१८ मधील राष्ट्रीय मानकांत जिज्ञासेने शोध घेणे, सर्वांना सामावून घेणे, सहकार्य, संकलन, अन्वेषण व जबाबदार सहभाग या सहा तत्त्वांवर भर देण्यात आला. न्यू जर्सी राज्याने जानेवारी २०२३ मध्ये माहिती-साक्षरतेचे शिक्षण बालवर्गापासून बारावीपर्यंत सक्तीचे करणारा कायदा केला. असा कायदा करणारे ते पहिले राज्य होय. कायद्याने विषयाला अभ्यासक्रमात स्थान मिळते, परंतु मापनाचा प्रश्न सुटत नाही. जे सहज मोजता येते ते क्षुल्लक ठरावे आणि जे महत्त्वाचे आहे ते मापातून निसटावे, ही अडचण पीबडी कसोटीपासून बहुपर्यायी प्रश्नांपर्यंत कायम राहिली आहे. विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष कामाचे निरीक्षण करून त्याच्या प्रत्येक विधानास ‘हे तुला कशावरून कळले?’ असा प्रश्न विचारणे, हा मार्ग श्रमाचा असला, तरी त्या क्षमतेच्या सर्वांत जवळ जाणारा आहे. तो अनुसरण्यास ग्रंथसंग्रहाबरोबरच विद्यार्थ्यांसाठी वेळ देऊ शकणारा ग्रंथपाल आणि त्याच्याशी सहकार्य करणारा शिक्षक यांची आवश्यकता असते.