अवकाशात खिंड कुठून आणायची?

गेल्या शनिवारी आमचं रिलीज एकदाचं प्रॉडक्शनला गेलं आणि बऱ्याच आठवड्यांनी दुपार मोकळी मिळाली. जेवून लॅपटॉपवर 'एम्पायर: टोटल वॉर' लावला. २००९ सालचा जुना गेम आहे, पण माझा लाडका, कारण त्यात मराठे घेऊन खेळता येतं. बाबा बँकेतून रिटायर झाल्यापासून इतिहासाची जाडजूड पुस्तकं वाचत असतात. मराठे म्हटल्यावर खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

"पानिपत कधी येणार रे?"

"येणार नाही, बाबा. गेम १७०० साली सुरू होतो. पुढचं सगळं आपल्या हातात. दिल्ली तर मी केव्हाच घेतलीये."

"म्हणजे अब्दाली येणारच नाही?"

"तसा नाही येणार."

मला वाटलं खूश होतील. पण त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "मग त्यात काय राम!"

त्यांचा मूड बदलावा म्हणून मी 'स्टेलारिस' लावला. आकाशगंगा, शेकडो तारे, यानं... बाबांनी पाच मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "ह्यात आपले कोण?" मी म्हटलं, "हे निळे." "ते दिसतंय रे. पण आपले म्हणजे नक्की कोण?" मला उत्तर देता येईना. बाबा चहा टाकायला उठले.

तो प्रश्न मात्र आठवडाभर डोक्यात घोळत राहिला. वरवर पाहिलं तर दोन्ही प्रकारचे गेम्स सख्खे भाऊच. १९९१ साली सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा 'सिव्हिलायझेशन' आला. त्यात तुम्ही इसवी सन पूर्व ४००० मध्ये एक गाव वसवता आणि सगळं नीट जमलं तर शेवटी अल्फा सेंटॉरीकडे यान पाठवता. दोनच वर्षांनी, १९९३ मध्ये, 'मास्टर ऑफ ओरायन' आला. गावाच्या जागी ग्रह, होडीच्या जागी यान. शोधा, पसरा, उपसा, लढा, हे चक्र तेच. मग बाबांना एकात पाऊण तास रमावंसं वाटलं आणि दुसऱ्यात पाच मिनिटांत कंटाळा आला, असं का?

मला वाटतं, फरक पडद्यावर नाहीच. खेळणारा घरून काय घेऊन येतो, त्यात आहे.

इतिहासाच्या गेममध्ये आपण खूप काही आधीच घेऊन येतो. 'युरोपा युनिव्हर्सालिस फोर' (२०१३) हा ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो. त्या दिवशी कॅस्टिलच्या राजाला अमेरिका नावाचं काही आहे हे ठाऊक नाही, पण मला ठाऊक आहे! बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स १४७७ मध्ये नान्सीच्या लढाईत मारला गेला आणि त्याच्या राज्याची वाटणी झाली, हे ज्याने वाचलंय तो ऑस्ट्रिया किंवा फ्रान्स घेऊन चक्क त्या वारशाची वाट बघत बसतो. म्हणजे इथे गेम बनवणाऱ्याची डोकेदुखी अशी, की खेळणाऱ्याला जास्त माहिती आहे. ह्यावर त्यांनी काय केलं? जानेवारी २०१४ च्या 'कॉन्क्वेस्ट ऑफ पॅराडाइज' ह्या एक्स्पान्शनमध्ये अमेरिका खंड रँडम करायची सोय दिली. अटलांटिक ओलांडल्यावर काय दिसेल ते कोलंबससारखंच तुम्हालाही माहीत नाही. थोडक्यात, विकत दिलेलं अज्ञान :-)

अवकाशात अज्ञान फुकट मिळतं. आकाशगंगा दर वेळी नवी. 'मास्टर ऑफ ओरायन'मध्ये तर कोणते शोध लावता येतील हेसुद्धा दर डावाला बदलायचं. एखादं महत्त्वाचं तंत्रज्ञान तुमच्या यादीत येतच नसे. इतिहासाच्या गेममध्ये हे करून बघा. ह्या डावात बंदुकीची दारूच नाही म्हटलं तर लोक बग रिपोर्ट टाकतील.

पण अवकाशात दुसऱ्याच गोष्टीचा दुष्काळ आहे, तो म्हणजे भूतकाळ. आणि इथे आपल्या धंद्यातल्या माणसाला मजा वाटेल अशी एक गोष्ट आहे. 'स्टेलारिस' (२०१६) बनवणारी मंडळी 'युरोपा'वालीच, स्टॉकहोमची पॅराडॉक्स. इंजिनही तेच, 'क्लॉजविट्झ' नावाचं. सुरुवातीचा दिग्दर्शक हेन्रिक फाहरेयस, ज्याने त्याआधी मध्ययुगीन घराण्यांवरचा 'क्रुसेडर किंग्ज टू' केला होता. म्हणजे टीम तीच, पाया तोच, फक्त खालचा डेटा काढून टाकलेला. आणि डेटा काढल्यावर कळलं की अर्धा गेम त्या डेटातच होता!

मग त्यांना इतिहास बनवावा लागला. खेळ २२०० साली सुरू होतो आणि बहुतेक सगळी साम्राज्यं एकाच रेषेवर उभी असतात. म्हणून नकाशाच्या कोपऱ्यांत 'पतित साम्राज्यं' पेरली, एकेकाळची बलाढ्य पण आता सुस्तावलेली. उकरायला अवशेष ठेवले, नामशेष झालेल्या जमातींच्या कथा लिहिल्या.

तीच गत भूगोलाची. पृथ्वीवर डोंगर, सामुद्रधुन्या, घाट आयते मिळतात. पावनखिंडीत मूठभर माणसं मोठ्या फौजेला का थोपवू शकली, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. अवकाशात मात्र सगळीकडे मोकळं मैदान. 'स्टेलारिस' आला तेव्हा ताऱ्यांमधून जायच्या तीन पद्धती होत्या आणि त्यातल्या दोन असलेल्यांना सीमा अशी जाणवायचीच नाही. शत्रू कुठूनही टपकायचा. फेब्रुवारी २०१८ च्या २.० व्हर्जनमध्ये त्या दोन काढून टाकल्या आणि सगळ्यांना ठरावीक मार्गांवरून जाणं सक्तीचं केलं. म्हणजे काय, तर अवकाशात खिंडी बांधल्या! अनेकांनी आरडाओरडा केला, पण संरक्षणाला खरा अर्थ आला तो त्यानंतरच.

इथपर्यंत डिझाइनच्या गमती झाल्या. पुढचं जरा टोचणारं आहे.

ह्या सगळ्या जातकुळीला इंग्रजीत 'फोर एक्स' म्हणतात. हे नाव ॲलन एमरिच ह्यांनी सप्टेंबर १९९३ मध्ये 'कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड' मासिकात 'मास्टर ऑफ ओरायन'बद्दल लिहिताना वापरलं. चौथा एक्स म्हणजे 'एक्स्टर्मिनेट', समूळ नाश. हा शब्द अवकाशातल्या गेमबद्दल लिहिताना सुचला, ह्यात मला नवल वाटत नाही. समोर किडे असतील तर नाश करायला काय जातंय?

इतिहासात समोर माणसं असतात आणि त्यांचे वंशज आजही असतात. २०१८ साली 'सिव्हिलायझेशन सिक्स'मध्ये कॅनडातल्या क्री लोकांचा नेता पाउंडमेकर आला, तेव्हा त्याच्याच समाजाच्या एका पुढाऱ्याने जाहीर आक्षेप घेतला. म्हणणं असं, की दुसऱ्यांच्या जमिनी जिंकत सुटणं ही आमची संस्कृती नव्हे, ती आमच्यावर आलेल्यांची. वाचून मी चपापलो. त्याआधी हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कारण माझंही रेकॉर्ड काही स्वच्छ नाही. कॉलेजात असताना मी 'युरोपा'मध्ये इंग्लंड घेऊन खेळायचो, कारण बेट असल्यामुळे सोपं पडतं. अमेरिकेत वसाहत करताना 'नेटिव्ह' लोकांचा एक आकडा दिसतो आणि त्यांच्यावर हल्ला करायचं बटण असतं. मी ते बिनदिक्कत दाबायचो, वसाहत लवकर बसते म्हणून. पण त्याच डावात माझं इंग्रजी सैन्य दख्खनमध्ये उतरलं आणि ओळखीची गावांची नावं दिसली, तेव्हा हात थांबला होता. नंतर घेतलंच, खोटं कशाला बोलू. पण थांबला होता.

'स्टेलारिस'मध्ये मी एक अख्खी जमात संपवली, एका रविवारी, पोहे खाता खाता. तिचं नाव आज आठवत नाही. हात थांबला नाही, कारण थांबवणारं ओळखीचं तिथे काहीच नव्हतं. रिकामी जमीन, निनावी लोक आणि पुढे जायची घाई. मला हे भविष्य वाटत होतं. खरं तर ते १४९२ नंतरचंच जग होतं, फक्त नावं पुसलेलं.

म्हणून आता अवकाशातला गेम सुरू करताना मी एक नियम पाळतो. समोर भेटलेल्या प्रत्येक जमातीचं नाव वहीत लिहून ठेवतो. खेळ थोडा हळू होतो, पण चालतं.

बाबांना हे सांगितलं. म्हणाले, "वही दाखव बघू." मग बराच वेळ वाचत बसले.

असो. उद्या सोमवार.