मोहरी आणि ब्रँडीचा सॉस: या फ्रेंच पदार्थांना चव येते कुठून? आणि दारू खरंच उडून जाते का?

तापलेल्या पॅनमध्ये ब्रँडी पडते, भपकन जाळ उठतो, मग क्रीम, मग चमचाभर मस्टर्ड, आणि दहा सेकंदांत प्लेट तयार. असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. खाली कमेंट्समध्ये ठरलेला वाद असतो. एक जण विचारतो, "यात दारू आहे ना?" दुसरा सांगतो, "पेटवली की सगळी उडून जाते."

हे उत्तर चुकीचं आहे. ते का चुकीचं, आणि हा सॉस नेमका कसा जमतो, हे समजून घेऊ.

हा सॉस म्हणजे नेमकं काय?

फ्रेंच स्वयंपाकात मांस भाजून झालं की त्याच पॅनमध्ये पाच-दहा मिनिटांत सॉस करतात. वेगळी ग्रेव्ही शिजवायची नाही, वाटण नाही. मोहरी-ब्रँडीचा सॉस याच कुटुंबातला.

त्याची बरीच भावंडं आहेत. वासराचे गुर्दे कोन्याकमध्ये पेटवून मोहरीच्या सॉसमध्ये घोळवणं हा फ्रान्समधला जुना प्रकार. 'स्टेक ओ प्वाव्र'मध्ये भरड मिरी लावलेल्या स्टेकवर कोन्याक आणि क्रीमचा सॉस येतो. 'स्टेक डायन' १९५० आणि ६०च्या दशकांत न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंटांत गाजला. वेटर गिऱ्हाइकाच्या टेबलाशेजारीच ब्रँडी पेटवून तो करून दाखवायचे. ससा किंवा कोंबडी मोहरी लावून शिजवायची पद्धतही फ्रान्समध्ये घरोघरी आहे, पण तिथे बहुतेक वेळा ब्रँडीऐवजी व्हाइट वाइन असते.

खरी चव पॅनच्या तळाशी

मांस तापलेल्या पॅनमध्ये पडलं की त्यातली प्रथिनं आणि साखर यांची रासायनिक क्रिया होते आणि पृष्ठभाग तपकिरी, खमंग होतो. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला 'मायार अभिक्रिया' म्हणतात. साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे ती वेगाने होते.

मांस उचललं तरी पॅनच्या तळाला तपकिरी थर चिकटून राहतो. दूध आटवल्यावर पातेल्याला खरवड धरते ना, तसाच हा प्रकार. थोडं द्रव घालून ही खरवड सोडवायची, यालाच 'डिग्लेझ' करणं म्हणतात. सॉसचा पाया ही खरवड आहे, ब्रँडी नाही.

त्यामुळे मांस नीट भाजलं गेलं नाही तर महागातली ब्रँडीही उपयोगाची नाही. आणि खरवड करपून काळी झाली असेल तर ती तशीच वापरू नका. सॉस कडू होईल.

डिजॉन मस्टर्ड आपल्या मोहरीपेक्षा वेगळं आहे का?

दाणा परका नाही. डिजॉन मस्टर्डसाठी मुख्यतः तपकिरी मोहरी वापरतात. फोडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या मोहरीचीच ही जात. फरक कृतीत आहे.

मोहरीचा दाणा तसाच चावला तर लगेच तिखट लागत नाही. दाणा फुटून पाणी लागलं की त्यातलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि नाकात जाणारा झणका तयार होतो. लोणच्यासाठी मोहरी फेसताना डोळ्यांत पाणी येतं ते यामुळेच. फोडणीत मात्र गरम तेलाने ते विकर निकामी होतं, म्हणून तडतडलेली मोहरी खमंग लागते, झणझणीत नाही.

फ्रान्समधल्या दिजों शहरात (आपल्याकडच्या बाटल्यांवर 'डिजॉन') दाणे आंबट द्रवात भिजवून, वाटून, सालं गाळून काढतात. आंबटपणामुळे झणका टिकतो.

गंमत म्हणजे 'डिजॉन मस्टर्ड' हे नाव कृतीचं आहे, गावाचं नाही. ते जगात कुठेही बनवता येतं. फ्रान्समध्ये बनणाऱ्या मस्टर्डसाठीही बरीचशी मोहरी कॅनडातून येते. २०२१ मध्ये कॅनडात दुष्काळ पडून मोहरीचं पीक जवळपास निम्म्यावर आलं, आणि २०२२ मध्ये फ्रान्सच्या दुकानांतले मस्टर्डचे रॅक रिकामे झाले. काही दुकानांनी गिऱ्हाइकामागे एकच बरणी असा नियम लावला. 'बर्गंडी मस्टर्ड' या नावाला मात्र २००९ पासून भौगोलिक संरक्षण आहे.

खरेदी करताना एक लक्षात ठेवा. हॉट डॉगवर घालतात ते पिवळंधमक मस्टर्ड वेगळं. त्यात सौम्य पांढरी मोहरी, व्हिनेगर आणि हळद असते. या सॉसमध्ये ते घातलं तर आंबटपणाच पुढे येतो.

मग ब्रँडी कशासाठी?

'ब्रँडी' हा शब्द डच भाषेतून आला. मूळ अर्थ 'जाळलेली वाइन', म्हणजे ऊर्ध्वपातन केलेली. कोन्याक ही फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या कोन्याक शहराच्या परिसरात बनणारी ब्रँडी. ती तांब्याच्या भट्टीत दोनदा ऊर्ध्वपातित होते, किमान २ वर्षं ओकच्या पिंपात मुरते आणि तिच्यात किमान ४० टक्के अल्कोहोल असतं. इथे नाव गावाशी बांधलेलं आहे. दुसरीकडे बनलेली ब्रँडी कितीही चांगली असली तरी ती कोन्याक नाही.

सॉसमध्ये ब्रँडी दोन कामं करते. पिंपातून आलेला सुक्या फळांचा, व्हॅनिलासारखा गोडसर वास देते. आणि अल्कोहोल पाण्यातही मिसळतं, तेलातले काही सुगंधही विरघळवतं, त्यामुळे खरवडीची चव सॉसभर पसरते.

स्वयंपाकासाठी जुनी, महागडी बाटली लागत नाही. २ वर्षं मुरलेली, 'व्हीएस' लिहिलेली पुरते. भारतातल्या अनेक स्वस्त ब्रँडींत मात्र मळीपासून काढलेलं मद्यार्क मिसळलेलं असतं, त्यामुळे लेबलवर 'ग्रेप' लिहिलंय का ते बघा.

पेटवल्यावर दारू उडून जाते का?

नाही. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं हे खरं, पण पाण्यात मिसळल्यावर ते एकदम वेगळं होऊन निघून जात नाही. ज्वाळा वरची वाफ जाळते. वाफेतलं अल्कोहोल कमी झालं की ज्वाळा विझते, पण पॅनमधल्या द्रवात ते शिल्लक असतं.

अमेरिकेत १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावर आधारलेले, आजही वापरले जाणारे आकडे असे आहेत:

- पेटवून विझल्यावर सुमारे ७५ टक्के अल्कोहोल उरतं.
- १५ मिनिटं शिजवल्यावर सुमारे ४० टक्के.
- १ तास शिजवल्यावर सुमारे २५ टक्के.
- अडीच तासांनंतरही सुमारे ५ टक्के.

आता हिशोब करू. चौघांच्या सॉसला ६० मिली ब्रँडी घातली तर त्यात २४ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. फक्त पेटवली तर त्यातलं साधारण १८ मिली उरेल, म्हणजे ताटामागे साडेचार मिली. नंतर सॉस आटवला तर आणखी कमी होईल, पण शून्य होणार नाही.

बहुतेकांना याने नशा चढणार नाही. पण प्रश्न फक्त नशेचा नाही. धर्मामुळे किंवा व्रतामुळे दारू वर्ज्य असलेली व्यक्ती, गरोदर स्त्री, लहान मूल, मेहनतीने व्यसन सोडलेला माणूस, या सगळ्यांसाठी 'थोडीशी' आणि 'अजिबात नाही' यांत मोठा फरक आहे. दारू सुटावी म्हणून दिल्या जाणाऱ्या डायसल्फिराम या औषधावर असलेल्यांना तर थोड्या अल्कोहोलनेही उलट्या, धडधड असा त्रास होऊ शकतो.

पेटवायलाच हवी का?

नको. पेटवणं हा मुख्यतः देखावा आहे. मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं आटवली तरी तिखट वाफ जाते आणि सुगंध राहतो.

धोका मात्र खरा आहे. ४० टक्के अल्कोहोलची वाफ साधारण २६ अंशांनाच पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या नेहमीच्या हवेतही. म्हणून:

- बाटलीतून थेट पॅनमध्ये ओतू नका. ज्वाळा धारेवरून बाटलीत शिरू शकते. वाटीत मोजून घ्या.
- ओतताना गॅस बंद करा किंवा पॅन आचेवरून बाजूला घ्या.
- चुकून पेटलंच तर पाणी मारू नका. झाकण ठेवा, ज्वाळा विझेल. झाकण आधीच हाताशी हवं.
- चिमणी बंद ठेवा. जाळीत साठलेलं तेल पेटू शकतं.

घरी कसं करायचं? (चौघांसाठी)

साहित्य: चिकनचे बोनलेस थाय ६०० ग्रॅम, मीठ, भरड मिरी, तेल १ मोठा चमचा, लोणी १ मोठा चमचा, अगदी बारीक चिरलेला १ छोटा कांदा, ब्रँडी ६० मिली, चिकनचा स्टॉक १५० मिली, क्रीम १०० मिली, डिजॉन मस्टर्ड २ मोठे चमचे.

१. चिकनला मीठ लावून अर्धा तास ठेवा. मग कागदाने कोरडं पुसा. ओलं चिकन भाजलं जात नाही, वाफवलं जातं.

२. जाड बुडाच्या स्टीलच्या पॅनमध्ये तेल तापवून चिकन ठेवा आणि हलवू नका. एक बाजू तपकिरी झाली की उलटा. आतपर्यंत शिजलं (७४ अंश) की ताटात काढून झाका.

३. जास्तीचं तेल काढून टाका. लोणी आणि कांदा घालून मंद आचेवर दोन मिनिटं परता.

४. गॅस बंद करून ब्रँडी ओता. पुन्हा मध्यम आचेवर ठेवा आणि लाकडी उलथन्याने खरवड सोडवा. ब्रँडी जवळपास आटू द्या.

५. स्टॉक घालून निम्मा होईपर्यंत आटवा. मग आच मंद करून क्रीम घाला. सॉस चमच्याच्या पाठीला चिकटायला लागला की गॅस बंद करा.

६. आता मस्टर्ड घालून फेटा. ताटात साठलेला रस आणि चिकन सॉसमध्ये सोडा, वरून मिरी घाला.

मीठ सगळ्यात शेवटी चाखून ठरवा, कारण मस्टर्ड आणि स्टॉक दोन्ही खारट असतात. सोबत उकडलेले बटाटे, पाव किंवा साधा भात चालतो.

बिघडतं कुठे?

*सॉस फाटला:* बाजारातल्या फ्रेश क्रीममध्ये बहुधा २५ टक्के स्निग्धांश असतो. मोठ्या आचेवर आंबट मस्टर्डसोबत उकळलं की ते फाटू शकतं. आच मंद ठेवा, किंवा ३५ टक्क्यांचं व्हिपिंग क्रीम घ्या. मात्र ते बिनसाखरेचं, दुधाचंच हवं.

*मस्टर्डचा झणका गेला:* ते लवकर पडलं आणि उकळलं. झणका देणारं द्रव्य वाफेबरोबर उडतं. अर्धं मस्टर्ड क्रीमसोबत आणि अर्धं शेवटी घातलं तर मुरलेली चव आणि झणका दोन्ही मिळतात.

*दारूचा उग्र वास राहिला:* ब्रँडी आटायच्या आत क्रीम पडलं.

ब्रँडी नको असेल तर?

खरवड सुटायला ब्रँडीच हवी असं नाही, स्टॉकनेही सुटते. अर्धा कप बिनसाखरेचा द्राक्षांचा किंवा सफरचंदाचा रस आटवून दोन चमचे करा, त्यात अर्धा चमचा व्हिनेगर घाला आणि ब्रँडीच्या जागी वापरा. ओकच्या पिंपाचा सुगंध येणार नाही, पण सॉस जमेल. मस्टर्डच्या बरणीवरचं लेबलही वाचा. काहींमध्ये व्हाइट वाइन असते.

आणि ब्रँडी घातली असेल, तर वाढण्याआधी पाहुण्यांना तसं स्पष्ट सांगा. खायचं की नाही, हे त्यांना ठरवू द्या.