उघडता येणारं खोकं

मंडळी, जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, पण तो राजेरजवाड्यांचा, लढायांचा आणि तहांचा. आज इतिहास सांगायचा आहे तो एका पत्र्याच्या खोक्याचा. २०००च्या आसपास ज्यांच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला त्यांना एक प्रश्न नक्की आठवत असेल, "ब्रँडेड घेतला की असेंबल्ड?" आपल्यासारख्या पगारदारांच्या घरात उत्तर बहुधा "असेंबल्ड" असायचं. म्हणजे मदरबोर्ड एका कंपनीचा, हार्ड डिस्क दुसरीची, रॅम तिसरीची, आणि हे सगळं जुळवून देणारा ओळखीतला एखादा डिप्लोमावाला मुलगा.

आपल्याला तेव्हा यात काही विशेष वाटलं नाही. पण जरा विचार करा. एका कंपनीचं इंजिन आणि दुसरीची चाकं आणून घराच्या अंगणात कोणी स्कूटर जुळवत नाही. मग कॉम्प्युटर कसा जुळवता येतो? याचं उत्तर शोधायला १९८१ सालात जावं लागतं.

आयबीएम ही त्या वेळची अवाढव्य कंपनी. खोली भरेल एवढी यंत्रं बनवायची आणि त्यांचे बहुतेक भागही स्वतःच घडवायची. छोट्या कॉम्प्युटरच्या बाजारात मात्र इतर कंपन्या पुढे निघून गेल्या होत्या. म्हणून फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथल्या एका लहानशा गटाला काम दिलं, की साधारण वर्षभरात यंत्र तयार करा. इतक्या थोड्या वेळात सगळं घरी बनवणं शक्यच नव्हतं. त्यांनी सरळ बाजारातले भाग घेतले. प्रोसेसर इंटेलचा, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. १२ ऑगस्ट १९८१ रोजी 'आयबीएम पीसी' जाहीर झाला. सगळ्यात साध्या यंत्राची किंमत १,५६५ डॉलर आणि मेमरी १६ किलोबाइट. मॉनिटर आणि फ्लॉपी ड्राइव्हचे पैसे वेगळे!

आत पाच मोकळ्या खाचा ठेवल्या होत्या. इतरांनी कार्डं बनवावीत आणि गिऱ्हाइकाने ती त्यात बसवावीत, अशी सोय. आणि कहर म्हणजे कंपनीने तांत्रिक माहितीचं एक पुस्तक विकायला ठेवलं. त्यात सर्किटच्या आकृत्या तर होत्याच, पण बायॉस नावाचा प्रोग्रॅमही ओळीन् ओळ छापलेला होता. वीज आल्यावर यंत्राला जागं करायचं आणि हातपाय जागेवर आहेत ना हे तपासायचं, हे या बायॉसचं काम.

आता गंमत अशी, की बाकीचे भाग कोणीही विकत घेऊ शकत होतं. फक्त बायॉसवर आयबीएमचा कॉपीराइट होता. तो उतरवून काढला की कोर्टाची पायरी ठरलेली. यावर जी युक्ती निघाली ती आम्हा मास्तर मंडळींना आवडावी अशी आहे. इंजिनिअरांचे दोन गट करायचे. पहिल्याने पुस्तक वाचायचं आणि बायॉस काय काम करतो एवढंच लिहून काढायचं. दुसऱ्याने मूळ पुस्तक डोळ्यांनीही बघायचं नाही, त्या टिपणावरून स्वतःचा प्रोग्रॅम लिहायचा. उत्तर तेच, पण कॉपी नाही! कॉम्पॅक कंपनीने या पद्धतीने बनवलेलं यंत्र १९८२ च्या नोव्हेंबरात जाहीर केलं. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनीने असाच बायॉस तयार करून मागेल त्याला विकायला सुरुवात केली. त्यानंतर कोणालाही पीसी बनवायला अडचण राहिली नाही.

आयबीएमला हे झोंबलं. १९८७ मध्ये तिने 'पीएस टू' नावाची नवी यंत्रं काढली. त्यातल्या खाचांची रचना वेगळी होती आणि ती वापरायची तर परवाना घेऊन पैसे भरा, असा हिशेब होता. बाकीच्या कंपन्यांनी त्याकडे पाठ फिरवली आणि १९८८ मध्ये एकत्र येऊन स्वतःची पद्धत ठरवली. त्या यंत्रांची एकच आठवण आपल्या घरांत पोचली. कीबोर्ड आणि माऊसची ती छोटी गोल पिन, जिला आपण 'पीएस टू पिन' म्हणायचो, ती तिथलीच. पुढे जांभळा रंग कीबोर्डचा आणि हिरवा माऊसचा असं ठरलं, तेव्हा आमच्यासारख्यांचीही जोडणी चुकेनाशी झाली. खुद्द आयबीएमने २००५ मध्ये पीसीचा धंदा चीनच्या लेनोव्होला विकून टाकला. ज्याने विहीर खणली त्याच्या वाट्याला पाणी थोडंच आलं. गाव मात्र प्यायला.

दरम्यान तैवानमध्ये गिगाबाइट, एमएसआय, आसुस अशा कंपन्या उभ्या राहिल्या आणि मदरबोर्डांचा पूर आला. १९९५ मध्ये इंटेलने 'एटीएक्स' नावाचं माप ठरवून दिलं. बोर्डाला स्क्रूची भोकं कुठे, मागची तोंडं कुठे, सगळं नक्की झालं. कोणताही बोर्ड कोणत्याही कॅबिनेटमध्ये बसण्याचं रहस्य हेच.

आपल्याकडे हे यायला वेळ लागला. परकीय कंपन्यांनी आपला हिस्सा कमी करावा, असा सरकारचा आग्रह होता. तो मान्य नसल्याने आयबीएम १९७८ मध्ये भारत सोडून गेली होती. १९८४ च्या नोव्हेंबरात नवं संगणक धोरण आलं आणि सुटे भाग आणणं सोपं झालं. १९९१ नंतर आणखी मोकळीक मिळाली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत या वस्तूंवरची जकात टप्प्याटप्प्याने शून्यावर आली. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड आधी रेडिओच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध होता. तिथे आता मदरबोर्ड आणि रॅम मिळू लागले. या रस्त्याचं नाव केव्हाच डॉ. भडकमकर मार्ग झालंय, पण १९०३ ते १९०७ या काळातले गव्हर्नर लॅमिंग्टन साहेब काही लोकांच्या तोंडून जात नाहीत.

माझ्या भाच्याने २००२ मध्ये आमचा कॉम्प्युटर तिथूनच भाग आणून जुळवला. काटकसर कुठे करायची हे त्याला पक्कं ठाऊक होतं. इंटेलचा स्वस्तातला सेलेरॉन प्रोसेसर, चित्र दाखवायची सोय बोर्डातच असल्यामुळे वेगळं कार्ड नाही, आणि मॉनिटर कोणाकडचा तरी जुना. "मावशी, फक्त वीज देणाऱ्या डब्यात पैसे वाचवायचे नाहीत," असं त्याने बजावलं होतं. स्वस्त एसएमपीएस बिघडला तर जाताना चार जणांना घेऊन जातो, म्हणे. या स्वस्ताईची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अशा यंत्रांत विंडोज बहुतेक वेळा चोरीची असायची आणि बिल मागितलं की दुकानदाराचा चेहरा बदलायचा. त्यामुळे वॉरंटी म्हणजे नशिबाचा भाग.

पण या खोक्याने एक मोठी गोष्ट दिली. बिघडलं की उघडता यायचं. आणि बघा, दुरुस्तीच्या सगळ्या युक्त्यांची मुळं याच इतिहासात आहेत. सुरू होताना येणारी 'बीप' १९८१ पासूनची आहे. एक छोटी बीप म्हणजे सगळं ठीक. लांब बीप पुन्हा पुन्हा आली तर बहुतेक बोर्डांवर रॅमची तक्रार. मग वायर काढून, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, रॅमची पट्टी काढायची, तिच्या सोनेरी टोकांवरून साधा खोडरबर फिरवायचा आणि नीट दाबून बसवायची. दहा रुपयांच्या खोडरबराने कितीतरी कॉम्प्युटर उठून बसलेत! तारीख रोज मागे जाते? मग बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली. घड्याळ आणि सेटिंग बॅटरीवर जपायची पद्धत आयबीएमने १९८४ च्या यंत्रात आणली होती. थोड्या वेळाने यंत्र आपोआप बंद पडतं? पंख्यातली धूळ झाडा. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत? २०००च्या सुमारास बनलेल्या बऱ्याच बोर्डांत सदोष कपॅसिटर होते, ते बदलून मिळायचे. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडायचा नाही, वीज बंद केल्यावरही त्यात झटका शिल्लक असतो.

२६ एप्रिल १९९९ ला 'सीआयएच' व्हायरसने कित्येकांच्या हार्ड डिस्क तर पुसल्याच, काही यंत्रांतला बायॉसही पुसला. यंत्र जागंच होईना. तरीसुद्धा अनेक बोर्डांवरची बायॉसची चिप काढून दुसरी बसवता आली.

या सगळ्यामागची रीत एकच. संशय येईल तो एक भाग काढा, चालणारा लावा आणि बघा. एका वेळी एकच बदल करायचा. प्रयोगशाळेत विज्ञानाचे शिक्षक जे सांगतात तेच हे. कितीतरी मुलं ही रीत पुस्तकात न वाचता अशा खोक्यापुढे मांडी घालून शिकली आणि काहींच्या पोटापाण्याची सोय झाली.

डेस्कटॉप आजही जुळवता येतो. पण घराघरांत आता लॅपटॉप आणि मोबाइल आहेत. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच डाक देऊन चिकटवलेली असते आणि मोबाइलची बॅटरी गोंदाखाली. एक भाग गेला की अख्खी वस्तू जाते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि वर्षाअखेरीस एक पोर्टलही सुरू केलं, हे चांगलंच झालं. पण हक्क कागदावर मिळाला तरी स्क्रू फिरवणारा हात घरात तयार व्हावा लागतो.

म्हणून नातेवाईक मंडळींना एक विनंती. माळ्यावरचा जुना डेस्कटॉप भंगारात देण्याआधी सुट्टीच्या दिवशी खाली काढा. वायर काढून ठेवा, बाजूचा पत्रा उघडा आणि नातवंडांना एकेक भाग हातात घेऊ द्या. जुळवता आला पुन्हा तर उत्तमच. नाहीतर ई-कचरा घेणाऱ्याकडे दुसऱ्या दिवशी देता येईलच.